पिक लाइन टाकणं आणि तिचं टोक तपासणं नर्सला रीतसर करू द्या : एक खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या हॉस्पिटलांचे मेडिकल सुपरिटेंडंट आणि डायरेक्टर, आमच्या अधिसेविका मॅडम, नर्सिंगच्या शिक्षणाचे नियम ठरवणारी मंडळी, आणि आरोग्य खात्यातले साहेब,

सादर नमस्कार.

मी स्टाफ नर्स आहे. आधी आयसीयूत होते, आता बरीच वर्षं कॅन्सर वॉर्डात आहे. मागणी एकच आहे आणि ती आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला शोधायला नको. पिक लाइन टाकणं आणि तिचं टोक बरोबर जागी आहे का हे तपासणं, ही दोन्ही कामं ट्रेनिंग घेतलेल्या नर्सला करू द्या, आणि तोंडी नाही, लेखी ऑर्डर काढून, हॉस्पिटलच्या शिक्क्यासकट करू द्या.

हे पत्र पेशंट आणि त्यांचे नातेवाईकही वाचतील म्हणून थोडं समजावून सांगते. पिक लाइन म्हणजे दंडातल्या शिरेतून आत सरकवलेली लांब, मऊ, बारीक नळी. ती काखेतून, गळ्याच्या हाडाखालून छातीतल्या मोठ्या शिरेत जाते, तिला आम्ही एसव्हीसी म्हणतो, आणि ही शीर हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्याला जिथे मिळते तिथे नळीचं टोक थांबायला हवं. मानेतून किंवा गळ्याच्या हाडाखालून टाकतात ती सेंट्रल लाइन वेगळी, पोचायचं ठिकाण तेच पण वाट वेगळी, आणि त्या वाटेवर फुफ्फुस जवळ असतं, सुई लागली तर न्यूमोथोरॅक्स होतो, म्हणजे फुफ्फुसाभोवती हवा साठून ते दबतं, मानेतली मोठी धमनी शेजारीच असते. दंडातून जाताना फुफ्फुस वाटेतच येत नाही. म्हणून मी सुरुवात पिकपासून करा म्हणतेय, मानेतल्या लाइनचं नंतर बघू.

आता टोकाचं एवढं काय, असं कुणी विचारेल. दंडातल्या बॅसिलिक व्हेनमधून मिनिटाला जेमतेम शंभर मिलीच्या आसपास रक्त वाहतं आणि एसव्हीसीमधून साधारण दोन लिटर. केमोचं जळजळीत औषध, टीपीएन म्हणजे शिरेतून द्यायचं पोषण, आयसीयूतलं रक्तदाब टिकवणारं नॉरअ‍ॅड, हे सगळं त्या दोन लिटरच्या धारेत पडलं तर लगेच पातळ होऊन पुढे जातं, शिरेच्या भिंतीला लागत नाही. टोक अलीकडेच राहिलं, म्हणजे गळ्याच्या हाडाखाली किंवा एसव्हीसीच्या वरच्या भागात, तर तेच औषध भिंतीला घासत राहतं आणि तिथे गुठळी व्हायची शक्यता वाढते. टोक फार आत गेलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, क्वचित त्याहून वाईट होतं. म्हणजे लाइन गेली, ब्लड बॅक आलं, फ्लश (नळी साफ ठेवायला ढकलायचं सलाईन) गेला, एवढ्यावर काम झालं असं म्हणता येत नाही. टोक कुठे आहे हे कळल्याशिवाय ती लाइन वापरायचीच नाही.

आणि नेमकं हेच काम आपल्याकडे लोंबकळत राहतं.

लाइन टाकतं कोण? बहुतेक ठिकाणी अ‍ॅनेस्थेशियाचे डॉक्टर, नाहीतर आयसीयूचे, नाहीतर ऑन्कोचे रेसिडेंट, ज्यांना त्या दिवशी हात मोकळा मिळेल ते. त्यांच्या कौशल्याबद्दल मला काहीच म्हणायचं नाही, कित्येक जण अतिशय सुंदर लाइन टाकतात. पण त्यांना ओटी आहे, इमर्जन्सी आहे, परीक्षा आहे, आणि दर थोड्या महिन्यांनी पोस्टिंग बदलतं. आज ज्या रेसिडेंट डॉक्टरांचा हात बसला ते उद्या दुसऱ्या युनिटला गेले की नवीन डॉक्टर पहिल्यापासून शिकतात आणि शिकतात ते आमच्या पेशंटच्या दंडावर. वॉर्डात कायम राहतं कोण, तर आम्ही. लाइन टाकायला पाऊण तास लागतो, पण नंतर सहा सहा महिने तिचं सगळं करायचं ते नर्सनं. दर आठवड्याला ड्रेसिंग, फ्लश, बाहेर किती सेंटीमीटर दिसतंय ते मोजणं, दंडाचा घेर मोजणं, लाल झालंय का, सूज आहे का, ताप आला तर कल्चर पाठवणं. लाइनला काही झालं तर पहिला फोन आम्हालाच येतो. म्हणजे टाकल्यानंतरची सगळी जबाबदारी आमची आणि टाकण्याचा, बघण्याचा अधिकार मात्र नाही, हे कुठल्या हिशोबात बसतं ते मला खरंच कळत नाही.

एक प्रसंग सांगते. लातूरकडच्या एक मावशी होत्या, ब्रेस्टच्या केमोला आलेल्या, आधीच्या सायकलमध्ये लाल औषधानं हातांच्या शिरा अक्षरशः दोरीसारख्या कडक झालेल्या, म्हणून पिक टाकायचं ठरलं. दुपारी लाइन टाकली, पोर्टेबल एक्स-रे झाला, आणि ज्यांनी बघायचा ते डॉक्टर लगेच मोठ्या केसला ओटीत गेले. संध्याकाळ झाली, औषध फार्मसीतून मिक्स होऊन आलेलं, त्याला वेळेची मर्यादा असते, नातेवाईक दर दहा मिनिटांनी विचारतायत की सिस्टर कधी चालू करणार. लाइन बंद पडू नये म्हणून मी फ्लश द्यायला घेतला, दहा मिलीची सिरिंज, थांबत थांबत ढकलत होते आणि मावशी एकदम म्हणाल्या, "अहो सिस्टर, कानात काहीतरी खळखळतंय बघा." मी हात तिथेच थांबवला. फ्लश देताना त्याच बाजूच्या कानात किंवा मानेत खळखळ वाटली तर टोक खाली छातीकडे न जाता वर मानेतल्या शिरेत वळलेलं असू शकतं. हे मला कुठल्या पुस्तकानं किंवा लेक्चरनं शिकवलेलं नव्हतं, एका सिनियर सिस्टरनी चहा पिताना सांगितलं होतं. कॉम्प्युटरवर फिल्म उघडली तर नळी गळ्याच्या हाडापाशी येऊन सरळ वर गेलेली, त्यासाठी रेडिऑलॉजिस्ट असायची गरज नव्हती. केमो थांबवली, ओटीत फोन लावला, निरोप ठेवला, आणि लाइन नीट व्हायला दुसरा दिवस उजाडला. मिक्स केलेलं औषध वाया गेलं ते वेगळंच.

आता यात चुकलं कोण? मला कुणा डॉक्टरकडे बोट दाखवायचं नाही, ते त्या वेळी दुसऱ्याचा जीव वाचवत होते. चुकतंय ते हे की एक्स-रे दुपारीच तयार होता, तो बघू शकणारी माणसं वॉर्डात हजर होती, पण बघून "वापरू नका" किंवा "वापरा" असं लिहायचा अधिकार त्यांच्यापैकी कुणालाच नव्हता. छातीच्या एक्स-रेवर पिकचं टोक बघायचं म्हणजे काय, तर श्वासनलिका जिथे दुभंगते तो कॅरायना शोधायचा, तिथून खाली साधारण दोन मणके मोजायचे, त्या आसपास टोक हवं. नळी वळलीय का, पलीकडच्या बाजूला गेलीय का, मानेत चढलीय का बघायचं. फिल्म काढताना हात अंगाजवळ होता का लांब केला होता तेही बघायचं, कारण हाताच्या हालचालीनं टोक दोनेक सेंटीमीटर सरकतं. भरपूर फिल्म दाखवून, जुन्या चुकलेल्या केसेस दाखवून, शेवटी परीक्षा घेऊन हे शिकवता येतं. न्यूमोनिया, ट्यूमर, हृदयाचा आकार यातलं काहीही आम्ही वाचणार नाही, तो रिपोर्ट रेडिऑलॉजीचाच. आम्ही फक्त टोक बघू, आणि शंका आली तर लाइनला हात न लावता डॉक्टरांना बोलावू.

बरं, एक्स-रेची वाट बघायची वेळच येऊ नये अशी पद्धत आज हातात आहे आणि ती आपल्याकडे फार कमी ठिकाणी वापरली जाते याचं मला जास्त वाईट वाटतं. ईसीजीनं टोक शोधायची पद्धत. पेशंटला मॉनिटर लावलेलाच असतो, लीड टू (ईसीजीची एक ठरावीक जोडणी) लावायची, उजव्या हाताच्या इलेक्ट्रोडऐवजी लाइनच्या आतल्या वायरला किंवा सलाईन भरलेल्या लाइनला क्लिप जोडायची, मग नळीचं टोकच इलेक्ट्रोड होऊन जातं. नळी पुढे सरकवत गेलं की मॉनिटरवरची पी वेव्ह, म्हणजे प्रत्येक ठोक्याच्या सुरुवातीचा छोटा उंचवटा, वाढायला लागते. सुरुवातीला ती बारीकशी टेकडी असते, मग वर चढते, चढते, आणि टोक एसव्हीसी आणि उजव्या कप्प्याच्या जोडावर आलं की सगळ्यात उंच होते. अजून आत ढकललं तर पी वेव्ह आधी थोडी खाली टोचते आणि मग दोन्हीकडे जायला लागते, तिथे समजायचं की आत गेलो, हळूहळू मागे घ्यायचं, पी वेव्ह पुन्हा सगळ्यात उंच दिसली की थांबायचं आणि त्या पट्टीची प्रिंट काढून फाइलला लावायची. टोक जागेवर आहे हे पेशंटच्या अंगावरचे ड्रेप्स (निर्जंतुक कापडं) काढायच्या आधी कळलेलं असतं. चुकलं असेल तर तिथल्या तिथे, स्टराइल असतानाच दुरुस्त करता येतं. मावशींच्या वेळी हे असतं तर मानेत गेलेल्या नळीला पी वेव्ह वाढलेलीच दिसली नसती आणि टाकणाऱ्याला टेबलवरच कळलं असतं. मर्यादा आहेत, एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे ठोके अनियमित, असेल तर पी वेव्हच धड नसते, पेसमेकरवाल्यांत भरवसा ठेवता येत नाही, अशांना सरळ एक्स-रे. पण आमच्या केमोच्या पेशंटमध्ये बहुतेकांचा ऱ्हिदम नॉर्मल असतो. आणि मॉनिटरवरचा ईसीजी वाचणं आयसीयूच्या नर्सला नवीन नाही, आम्ही रात्रभर तेच तर बघत असतो.

इंग्लंडच्या नाइस या, उपचारांबद्दल सरकारी मार्गदर्शन करणाऱ्या, संस्थेनं २०१५ मध्ये अशा ईसीजीवर चालणाऱ्या एका सिस्टीमला पाठिंबा दिला आणि स्पष्ट लिहिलं की यामुळे बहुतेक वेळा खात्रीसाठी वेगळ्या एक्स-रेची गरज पडत नाही. तिकडे पिक टाकणाऱ्यांत नर्स मोठ्या संख्येनं आहेत. माझ्या बॅचची एक मैत्रीण इथून तिकडे गेली, आमच्याबरोबर याच राज्यात शिकलेली, तीच पुस्तकं, तेच होस्टेलचं जेवण, ती आज तिथे अल्ट्रासाउंड बघून पिक टाकते, स्वतः टोक कन्फर्म करते, स्वतःच्या सहीनं लाइन वापरायला देते. मी तिच्यापेक्षा कमी शिकलेले नाही. तिला तिथे शिकवलं, तपासलं आणि लिहून दिलं, मला इथे यातलं काहीच मिळालं नाही, फरक एवढाच.

सिडनीचं लिव्हरपूल हॉस्पिटल तर याच्याही पुढे गेलं. तिथे १९९६ पासून नर्स लाइन टाकतात, नुसती पिक नाही, मानेतली आणि गळ्याच्या हाडाखालचीसुद्धा. तेरा वर्षांचा सगळा हिशोब त्यांनी छापलाय, साडेचार हजारांहून जास्त लाइन्स, न्यूमोथोरॅक्सचं प्रमाण अर्ध्या टक्क्याहून कमी, इन्फेक्शन अगदी नगण्य. यामागे कुठली जादू नाही. तीच तीच माणसं तेच तेच काम रोज करतात, प्रत्येक लाइनची नोंद ठेवतात, हात बसतो. आपल्याकडे हात बसायच्या आत माणूस बदलतो.

अजून एक गोष्ट सांगते जी प्रत्येक आयसीयूत फ्रेम करून लावावी असं मला वाटतं. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या शंभरावर आयसीयूंमध्ये सेंट्रल लाइनच्या इन्फेक्शनवर काम झालं, २००६ मध्ये त्याचा पेपर आला. केलं काय, तर पाच साध्या गोष्टी: हात धुणं, पूर्ण गाऊन-ड्रेप, क्लोरहेक्सिडिननं त्वचा साफ करणं, शक्यतो जांघेतली शीर टाळणं, गरज संपली की लाइन काढणं. आणि या पाचही पाळल्या जातायत का हे बघायला चेकलिस्ट घेऊन उभी राहिली नर्स, आणि इमर्जन्सी नसेल तर डॉक्टरला थांबवायचा अधिकार तिला दिला. हजार कॅथेटर-दिवसांमागे (एका पेशंटला एक दिवस लाइन म्हणजे एक कॅथेटर-दिवस) इन्फेक्शनचा मीडियन, म्हणजे मधला आकडा, २.७ होता तो तीन महिन्यांत शून्यावर आला. त्या पाच गोष्टी आधीही सगळ्यांना पाठ होत्याच हो, पण नर्सच्या हातात अधिकार आला आणि सगळं पाळलं जायला लागलं. आपल्याकडे चेकलिस्ट आहे, एनएबीएच या हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या व्हिजिटच्या आधी फाइलमध्ये व्यवस्थित लागते, पण "सर थांबा, ग्लोव्हला टच झालाय" हे म्हणायची हिंमत नवीन लागलेल्या मुलीला होत नाही, कारण म्हटल्यावर तिच्या पाठीशी कोण उभं राहणार हे तिला माहीत नाही. हा अधिकार द्यायला तर पैसासुद्धा लागत नाही.

आता एक खरी अडचण, जी बाहेरच्या देशातली उदाहरणं देणारे लोक सांगत नाहीत. पिक आजकाल डोळे मिटून, शीर चाचपून टाकत नाहीत, टाकूही नये. अल्ट्रासाउंड लावून दंडातली शीर बघायची, तिचा व्यास मोजायचा, नळी त्या शिरेच्या पंचेचाळीस टक्क्यांपेक्षा जास्त जागा खाणार नाही एवढी मोठी शीर निवडायची, शेजारची धमनी आणि मज्जातंतू (नर्व्ह) कुठे आहे ते बघायचं आणि सुई आत जाताना स्क्रीनवर बघत राहायचं. म्हणजे सोनोग्राफी मशीन हवं. आणि आपल्याकडे सोनोग्राफी मशीन म्हटलं की पीसीपीएनडीटी कायदा, गर्भलिंग तपासणी रोखणारा, १९९४ चा. मशीन रजिस्टर हवं, कुठे ठेवलंय ते ठरलेलं, कोण वापरणार त्यांची नावं दिलेली, आणि त्या नावांत नर्स बसत नाही. हा कायदा हवाच, त्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. बीड जिल्ह्यात २०१२ मध्ये गर्भलिंग तपासून गर्भपात करण्याचं जे उघडकीला आलं ते आपण कुणी विसरलेलो नाही, आणि मुलींना वाचवणाऱ्या कायद्याला ढिला करा असं एक नर्स आणि एक बाई म्हणून मी कधीच म्हणणार नाही. पण दंडातली शीर बघायला जो लिनिअर प्रोब लागतो तो वरवरचे दोन-चार सेंटीमीटर दाखवायला बनवलेला असतो. फक्त हाच प्रोब असलेलं मशीन, त्याच्या पोर्टला दुसरा प्रोब लागणारच नाही असं सील केलेलं, आयसीयूच्या किंवा डे केअरच्या एका खोलीत, रजिस्टर्ड डॉक्टरच्या नावाखाली, प्रत्येक वापराची वहीत नोंद आणि मशीनमध्ये सेव्ह केलेली इमेज, गरोदर पेशंटला नर्सनं हे मशीन लावायचंच नाही, एवढ्या अटी घालून ट्रेन्ड नर्सला परवानगी देता येईल का, हे आरोग्य खात्यानं कायदेतज्ज्ञांना विचारून केंद्राकडे रीतसर मांडावं. आज होतं काय, की ज्या हॉस्पिटलला नर्सला पिक शिकवायची इच्छा आहे तेही या भीतीनं मागे सरतं, आणि भीती खोटी नाही.

तोपर्यंत काहीच होऊ शकत नाही असं मात्र नाही. ईसीजीनं टोक तपासायला पीसीपीएनडीटी आड येत नाही, एक्स-रेवर टोक बघायलाही नाही. म्हणजे माझ्या मागणीचा दुसरा अर्धा भाग, तपासणीचा, उद्यापासून चालू करता येतो. डॉक्टर लाइन टाकतील, शेजारी उभी असलेली ट्रेन्ड नर्स पी वेव्ह वाचेल, दोघांची सही होईल. अशी सुरुवात केली तर डॉक्टरांचाही विश्वास बसेल.

नर्सनं अंगात काही टाकायचं हे आपल्याकडे अघटित आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा जवळच्या उपकेंद्रात जाऊन यावं. तांबी कोण बसवतं? नर्सबाई. गेली कित्येक वर्षं, ट्रेनिंग घेऊन, सरकारी मॉड्यूलप्रमाणे, ठरावीक केसेस सुपरव्हिजनखाली करून मग स्वतंत्रपणे. बाळंतपण झाल्या झाल्या बसवायची तांबीसुद्धा ट्रेन्ड नर्स बसवतात. झटके येणाऱ्या बाळंतिणीला वर पाठवण्याआधी मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस एएनएमनं (उपकेंद्रातल्या नर्सबाईनं) द्यावा हे सरकारी गाइडलाइनमध्ये आहे, कारण सरकारला कळलं की डॉक्टरची वाट बघण्यात बाई जाते. गरज पटली तेव्हा या देशानं एएनएमच्या हातात जीव-मरणाचं काम दिलं आणि तिनं ते निभावलं. मग चार वर्षं बीएस्सी करून, आयसीयूत हात घासलेल्या नर्सला दंडातल्या शिरेपर्यंत जाऊ द्यायला काय हरकत आहे? इंडियन नर्सिंग कौन्सिलचा क्रिटिकल केअरमधल्या नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा रेसिडेन्सी कोर्सही आहे, पण तो करून बाहेर पडलेल्या मुलींना हॉस्पिटलात त्या नावाची पोस्ट मिळत नाही, त्या पुन्हा साध्या स्टाफच्या ड्युटीला लागतात किंवा परदेशाचा फॉर्म भरतात.

आणि गरज किती मोठी होणार आहे ते बघा. २०२५-२६ च्या केंद्रीय बजेटमध्ये सांगितलंय की तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत डे केअर कॅन्सर सेंटर होणार, त्यातली दोनशे पहिल्याच वर्षी. फार चांगली गोष्ट आहे. गडचिरोली, नंदुरबार, हिंगोलीच्या पेशंटला दर सायकलला मुंबई-नागपूर गाठावं लागणार नाही. पण तिथे केमो जाणार कशातून? हातातल्या बारीक शिरेतून दर वेळी सुई मारून, जोवर शिरा टिकतील तोवर? की पिक टाकून? आणि पिक टाकणार कोण, एकच भूलतज्ज्ञ असलेल्या जिल्ह्यात, जो सिझेरियनमधून सुटत नाही? आजसुद्धा मोठ्या शहरात पिक टाकून गावी गेलेल्या पेशंटला आठवड्याचं ड्रेसिंग करून द्यायला जवळपास कुणी नसतं, म्हणून माणसं धर्मशाळेत नाहीतर नातेवाइकाच्या खोलीत महिनो न् महिने राहतात, शेती पडून, पोरांची शाळा पडून. काही जण वैतागून ड्रेसिंग सोडून देतात आणि मग थंडी-ताप घेऊन येतात. जिल्ह्याच्या प्रत्येक डे केअरला दोन-तीन ट्रेन्ड नर्स असल्या, लाइन टाकणाऱ्या, टोक बघणाऱ्या, ड्रेसिंग करणाऱ्या, तर यातलं किती थांबेल याचा विचार करा.

काही डॉक्टर मित्र म्हणतात, उद्या काही झालं तर जबाबदार कोण, कन्झ्युमर कोर्टात कोण उभं राहणार. रास्त प्रश्न आहे. माझं उत्तर असं की आज जबाबदारी ठरलेलीच नाही. बऱ्याच ठिकाणी "सिस्टर तुम्हीच फिल्म बघा ना, ठीक वाटतेय तर चालू करा" असं फोनवर सांगितलं जातं, आणि ते निस्तरलं तर कुणाला कळत नाही आणि बिघडलं तर मेमो सिस्टरला. लेखी अधिकार, लेखी मर्यादा, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, प्रत्येक लाइनची नोंद, हे असलं की कोर्टात हॉस्पिटलही सुरक्षित, डॉक्टरही आणि नर्सही. दुसरे म्हणतात रेसिडेंटना शिकायला केसेस उरणार नाहीत. मानेतल्या इमर्जन्सी लाइन्स त्यांच्याकडेच राहणार आहेत, आणि पिक शिकायला आले तर आम्ही आनंदानं शिकवू.

आणि माझ्याच मैत्रिणींचा आक्षेप, तो मला सगळ्यात खरा वाटतो. त्या म्हणतात, आधीच एका नर्सकडे वॉर्डात किती पेशंट असतात ते तुला माहीत नाही का, आता हेही काम आमच्याच गळ्यात बांधायला निघालीस? बरोबर आहे त्यांचं. म्हणून माझी मागणी "नर्सला अजून एक काम द्या" अशी नाही. ज्या नर्सला ही टीम द्याल तिला त्या शिफ्टला वॉर्डाचे पेशंट देऊ नका, तिला वेगळा भत्ता द्या, आणि तिला दर सहा महिन्यांनी डायलिसिसला आणि तिथून मेडिसिनला फिरवू नका. सिझन बदलल्यासारख्या बदल्या केल्या तर हात बसणारच नाही आणि मग म्हणाल नर्सना जमत नाही.

थोडं विषयांतर करते, पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. हृदयापर्यंत नळी पोचवायचा पहिला गाजलेला प्रयोग १९२९ मध्ये जर्मनीत एबर्सवाल्डच्या हॉस्पिटलात झाला, वेर्नर फोर्समान नावाच्या तरुण डॉक्टरनं स्वतःच्या हातातून पासष्ट सेंटीमीटरची नळी आत घातली. पण निर्जंतुक सामानाची किल्ली होती गेर्डा डिट्झेन या सिस्टरकडे. तिनं सामान दिलं, इतकंच नाही, प्रयोग माझ्यावर करा म्हणाली, आणि त्यानं तिला टेबलला बांधून गुपचूप स्वतःवर केला. मग नळी हाताच्या शिरेत तशीच ठेवून दोघं जिना उतरून एक्स-रेला गेले. कशासाठी? टोक कुठे आहे बघायला. फोर्समानला १९५६ मध्ये नोबेल मिळालं. म्हणजे या कामाच्या अगदी पहिल्या दिवशी, टाकताना आणि टोक बघताना, नर्स तिथे होती. आम्ही काही नवीन जागा मागत नाही आहोत.

तर साहेब, मॅडम, यातलं हॉस्पिटलच्या पातळीवर लगेच करता येण्यासारखं जे आहे ते तरी करा. सेंट्रल लाइन टाकताना चूक दिसली तर थांबवायचा अधिकार नर्सला आहे असं सर्क्युलर काढा, त्यावर मेडिकल सुपरिटेंडंटची सही हवी, नुसती मेट्रन ऑफिसची नको. टोक कन्फर्म झाल्याची वेळ, पद्धत आणि सही असल्याशिवाय फार्मसीनं त्या पेशंटची केमो मिक्स करायला घ्यायची नाही, हा नियम करा, म्हणजे घाई आपोआप कमी होईल. वॉर्डातल्या चार अनुभवी नर्स निवडा, रेडिऑलॉजी आणि अ‍ॅनेस्थेशियाच्या एकेका डॉक्टरला त्यांचं मेंटॉर करा, आणि फिल्म व पी वेव्ह वाचायला बसवा. पहिले काही महिने त्यांचं वाचन आणि डॉक्टरांचं वाचन दोन्ही लिहा आणि जुळवून बघा, जुळलं नाही तर आम्हाला सांगा, आम्ही अजून शिकू. नर्सिंगचे नियम ठरवणाऱ्यांनी या कामाचा राज्यभर चालेल असा एकच सर्टिफिकेट कोर्स ठरवावा, किती लाइन्स सुपरव्हिजनखाली, कुणी तपासायचं, किती वर्षांनी पुन्हा तपासायचं हे सगळं लिहून. नाहीतर दोन दिवसांच्या वर्कशॉपमध्ये पुतळ्याच्या हातात सुई मारून फोटोसकट सर्टिफिकेट वाटणारे निघतील आणि त्यात पेशंटचं नुकसान होईल. आणि आरोग्य खात्यानं अल्ट्रासाउंडचा प्रश्न वर न्यावा.

या पत्राला उत्तर हवंय आणि ते लेखी हवंय, "नाही" असेल तरी चालेल, पण कारण लिहा, म्हणजे त्या कारणावर आम्हाला काम करता येईल. माझ्यासारख्या ज्या नर्स हे वाचतायत त्यांनी आपापल्या अधिसेविकांना हे पत्र दाखवावं, आणि आपल्या वॉर्डात मागच्या महिन्यात किती पेशंटची केमो फक्त एक्स-रे बघायला कुणी नाही म्हणून थांबली ते रजिस्टरमधून काढून ठेवावं. चर्चेला बोलावलं तर तो आकडा लागेल.

आपली,
कॅन्सर वॉर्डातली एक स्टाफ नर्स